फिरत्या इंजिनाची वेगमर्यादा

(खोडद येथे भरलेल्या वार्षिक ज्ञातिसंमेलनात दिलेले व्याख्यान)



ज्याचे सारे आयुष्य इंजिनाच्या तेलात आणि काजळीत गेले अशा माणसाला आपल्या कार्यकारी मंडळाने व्याख्यानासाठी उभे केले, याबद्दल मंडळाचे आभार मानावेत की त्याच्या धाडसाचे कौतुक करावे, हे मला कळत नाही. वक्तृत्व हा माझा प्रांत नव्हे. तेव्हा भाषेत काही उणे राहिल्यास ते आपण आपल्या घरच्या माणसाचे म्हणून पोटात घालावे, अशी प्रार्थना आहे.

विषय मला शोधावा लागला नाही. तो दूरध्वनीवरून आला. माझे थोरले चुलतबंधू, ज्यांना आम्ही सारे दादा म्हणत असू, त्यांचा मुलगा आज ऑस्ट्रेलियात असतो. त्याने तेथे माझदा कंपनीची एक जुनी गाडी घेऊन तिच्या इंजिनात बरेच फेरफार केले आहेत आणि सुटीच्या दिवशी तो ती शर्यतीच्या रस्त्यावर चालवितो. त्याने मला विचारले, “काका, इंजिनाला जास्तीत जास्त किती फेरे घेऊ द्यावेत? मित्र म्हणतात, साडेनऊ हजारांपर्यंत खुशाल जाऊ दे.” या प्रश्नाचे उत्तर देताना जो विचार मला करावा लागला, तोच आपल्यापुढे मांडतो. आपली कित्येक मुले आज नारायणगाव, मंचर, चाकण या बाजूला मोटारीच्या धंद्यात आहेत. त्यांनाही त्याचा उपयोग होईल असे वाटते.

प्रथम हे इंजिन कसे असते ते सांगितले पाहिजे. आपल्या मळ्यातील पंपाच्या इंजिनात दट्ट्या वरखाली होतो आणि त्याची ती धाव क्रँकने गोल फिरविली जाते. फेलिक्स वांकेल या जर्मन संशोधकाच्या इंजिनात दट्ट्याच नाही. मध्ये किंचित आवळलेल्या लंबगोल पेटीत फुगीर बाजूंचा एक त्रिकोणी रोटर फिरतो, आणि त्याच्या तीन बाजूंपाशी ओढणे, दाबणे, पेटणे व धूर टाकणे या चारही क्रिया चाललेल्या असतात. रोटर एकदा फिरला की मधला शाफ्ट तीनदा फिरतो. म्हणून अशा इंजिनाचे ९००० फेरे म्हणतात ते शाफ्टचे. रोटर स्वतः मिनिटाला ३००० वेळाच फिरत असतो. रोटरच्या प्रत्येक टोकाशी एक पातळ पट्टी, म्हणजे सील, बसविलेली असते, आणि ती पेटीच्या भिंतीवर घासत जाऊन वायू अडवून धरते.

असे पहिले इंजिन जर्मनीतील एन. एस. यू. कंपनीत १९५७ साली चालले. त्यात व्हॉल्व्ह नाहीत, दट्ट्याचे धक्के नाहीत, थरथर जवळजवळ नाही. हाच त्याचा मोठा गुण आणि हाच त्याचा मोठा धोका होय. साध्या इंजिनाला अती पळविले तर ते खडखडते, थरथरते, ओरडते. चालविणाराचा हात आपोआप मागे येतो. हे इंजिन मर्यादा ओलांडतानाही गोड आवाजात गातच राहते. म्हणून माझदाने आपल्या आर. एक्स. सात या गाडीत फेरे वाढले की वाजणारी सूचनेची घंटी बसविली होती. जे इंजिन स्वतः तक्रार करीत नाही, त्याच्या वतीने कोणीतरी तक्रार करावी लागते.

आता फेरे वाढल्याने बिघडते काय ते पाहू. दोन रोटरांच्या माझदा इंजिनातील एक रोटर सुमारे साडेचार किलो वजनाचा असतो आणि तो शाफ्टच्या केंद्रापासून १५ मिलिमीटर बाजूला राहून फिरतो. ७००० फेऱ्यांना तो आपल्या बेअरिंगवर सुमारे पावणेचार टनांचा ताण टाकतो. ९५०० फेऱ्यांना तोच ताण पावणेसात टनांच्या घरात जातो. वेग छत्तीस टक्के वाढला, पण ताण चौऱ्याऐंशी टक्के वाढला. कारण हा ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दोन रोटरांच्या मधे शाफ्टला आधार देणारे बेअरिंग त्या इंजिनात नाही. तेव्हा ताण वाढला की शाफ्ट केसभर वाकतो, तेलाचा थर फाटतो, रोटरची कड बाजूच्या भिंतीला घासते, आणि रोटरला वळण देणाऱ्या स्थिर दातेरी चाकावर भार येऊन त्याचे दात तुटतात.

येथे मला एक जुनी गोष्ट सांगितलीच पाहिजे. ती सांगताना आजही संकोच होतो, कारण दोष माझा होता. १९७० च्या सुमारास मी एकोणीस वर्षांचा होतो आणि एका कारखान्यात उमेदवारी करीत होतो. आमच्या गुऱ्हाळावर जुने, जड फ्लायव्हीलचे, ६५० फेऱ्यांचे ऑईल इंजिन चरकाला पट्ट्याने जोडलेले होते. ऊस पडून राहिला होता, घाई होती. मी मोठ्या शहाणपणाने गव्हर्नरची स्प्रिंग आवळून फेरे वाढविले. दोन दिवस चरक झपाट्याने चालला आणि सर्वांनी माझी पाठ थोपटली. तिसऱ्या दिवशी पट्टा निसटला. भार सुटताच इंजिन उधळले आणि बिडाचे फ्लायव्हील फुटून त्याचा तुकडा दादांच्या डाव्या पायावर आला. पाय गुडघ्याखाली गेला. दादांनी मला आयुष्यात एकदाही बोल लावला नाही. उलट मला पुढे शिकविण्यासाठी आपल्या वाट्याचे पैसे दिले. आज त्यांचाच मुलगा मला मर्यादा विचारतो आहे. हा प्रश्न मला साधा का वाटला नाही, हे आपल्या ध्यानात येईल.

त्या दिवशी मी काय विसरलो होतो? इंजिन भाराखाली किती पळते ते मी पाहिले. भार सुटल्यावर किती पळेल याचा विचार केला नाही. आणि शक्ती वाढविली, पण ती शक्ती सोसणारा भाग होता तसाच ठेवला.

माझ्या पुतण्याने नेमके हेच केले होते. त्याने हवा आत घेणारी भोके कोरून मोठी केली. भोके मोठी झाली की इंजिनाला वरच्या फेऱ्यांत श्वास पुरतो आणि शक्तीचे शिखर पुढे सरकते. त्यामुळे आणखी पुढे जाण्याचा मोह होतो. परंतु शाफ्ट, बेअरिंग आणि दातेरी चाक कारखान्याचीच होती, आणि कारखान्याने लाल रेघ ७००० वर ओढली होती.

मोठ्यांनी याबाबतीत कसे वागावे याचे उदाहरण माझदानेच घालून दिले आहे. १९९१ साली फ्रान्समधील ल माँ येथील चोवीस तासांची शर्यत माझदाच्या चार रोटरांच्या गाडीने जिंकली. ते इंजिन याहून अधिक पळू शकत असताही शर्यतीत त्याला ९००० फेऱ्यांच्या आसपास आवरून, सुमारे ७०० अश्वशक्तीवर समाधान मानले होते. उलट एन. एस. यू. च्या १९६७ सालच्या आर. ओ. ऐंशी या गाडीचे नाव मोठे झाले, पण आरंभीच्या इंजिनांची सीले लवकर झिजली, कंपनीला ती इंजिने पदरमोड करून बदलून द्यावी लागली, आणि १९६९ साली ती दुसऱ्या मोठ्या उद्योगात विलीन झाली.

हे सारे परदेशातलेच आहे असे मात्र समजू नये. आळेफाट्यावरून पूर्वेस जाणारा रस्ता ज्या अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला पोचतो, तेथील संरक्षण खात्याच्या वाहन संशोधन संस्थेने बंगळूरच्या दोन संस्थांसह ‘निशांत’ या वैमानिकरहित विमानासाठी वांकेल पद्धतीचे ५५ अश्वशक्तीचे इंजिन तयार केले. वजन अवघे तीस किलोच्या आसपास. पेटीच्या आतील भिंतीवर निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा लेप बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने दिला. ठिणगीची व इंधनाची व्यवस्था नगरकरांनी केली. एप्रिल २००९ मध्ये कोलारजवळून ते इंजिन आकाशात गेले. पण त्याआधी ते जमिनीवर कसोशीने, दीर्घकाळ चालवून पाहिले होते, आणि उड्डाणाची परवानगी ते बनविणारांनी स्वतःच स्वतःला दिली नव्हती. ती तपासणी करणाऱ्या वेगळ्या संस्थेने दिली. ही रीत आपण गाठीस बांधावी. ज्याला वेग हवा आहे, त्याने एकट्याने मर्यादा ठरवू नये.

आता मर्यादा ठरवावी कशी? मी पुतण्याला सांगितले ते क्रमाने असे.

पहिले, इंजिन चाचणीच्या यंत्रावर चढवून शक्तीचे शिखर कोठे आहे ते पाहावे. शिखराच्या फार पुढे पळविण्यात झीज आहे, लाभ नाही. दुसरे, आतला जो भाग बदललेला नाही त्याची कारखान्याची मर्यादा हीच साऱ्या इंजिनाची मर्यादा समजावी. ती वाढवायची तर रोटर, शाफ्ट आणि तोलाची वजने एकत्र तोलून घ्यावीत, स्थिर दातेरी चाके कठीण केलेली बसवावीत, बेअरिंगमधील फट मोजावी आणि तेलाचा दाब वरच्या फेऱ्यांतही टिकतो याची खात्री करावी. तिसरे, गाडीतील काट्यावर विसंबू नये. काटा मागे राहतो आणि इंजिन पुढे गेलेले असते. लिमिटरलाही क्षणभर उशीर होतो. म्हणून तो खऱ्या धोक्याच्या कित्येक शे फेरे अलीकडे लावावा. चौथे, लिमिटरने इंधन अर्धवट तोडले तर मिश्रण पातळ होऊन अवेळी भडकते आणि टोकाची पट्टी तुटते. ठिणगी तोडली तर न जळलेले पेट्रोल तापलेल्या धूरनळीत जाऊन पेटते. तेव्हा लिमिटर अडीनडीला आहे, रोज टेकण्यासाठी नाही. त्याच्या अलीकडे एक दिवा लावावा आणि दिवा लागताच गिअर बदलावा. पाचवे, चढा गिअर टाकायच्या जागी चुकून उतरता पडला, तर चाकेच इंजिनाला फिरवितात. तेथे कोणताही लिमिटर उपयोगी पडत नाही, हातच सावध हवा. सहावे, तेल तापेपर्यंत मर्यादा पुष्कळ खाली ठेवावी. आणि अखेरचे, ठरल्या वेळी इंजिन उघडून पाहावे. रोटरच्या कडेला चकाकी आली असेल, बेअरिंगचे तांबे दिसू लागले असेल, किंवा पेटीच्या भिंतीवर ओरखड्यांच्या लाटा उठल्या असतील, तर तीच इंजिनाची तक्रार होय. जपानी कारागीर या ओरखड्यांना सैतानाच्या नखांच्या खुणा म्हणत.

त्याच्या इंजिनाचे शिखर ७८०० वर निघाले. मी म्हणालो, “आतले काम होईपर्यंत ७०००. काम झाल्यावर ८२००. साडेनऊ हजार कधीच नाही.” तो थोडा हिरमुसला, पण त्याने ऐकले.

आपण ज्या गावी आज जमलो आहोत, त्या खोडदच्या माळावर प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पकतेतून उभ्या राहिलेल्या ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या आपण सर्वांनी येताना पाहिल्या. अशा तीस तबकड्या या परिसरात आहेत. विश्वाच्या टोकाचे संदेश ऐकणारी ती यंत्रे. पण वारा ठरल्या मर्यादेपलीकडे गेला की चालू काम सोडून त्यांची तोंडे आकाशाकडे करून त्यांना स्थिर उभे करतात. ते निरीक्षण कितीही मोलाचे असो, त्या वेळी वाऱ्याशी वाद घालीत बसत नाहीत; कारण ती मर्यादा वादळ येण्यापूर्वी, शांत डोक्याने ठरविलेली असते.

धंद्यात पडलेल्या आपल्या मुलांना माझे एवढेच सांगणे आहे की, गिऱ्हाईक घाई करील, मित्र चिथावतील, इंजिनही गोड आवाजात साथ देईल. त्या वेळी आकडा शोधू नका. तो आधी कागदावर लिहून भिंतीला लावलेला असू द्या, आणि तो लिहिताना शेजारी उभ्या असणाऱ्या माणसाचा पाय आठवा.

दादा आज नाहीत. असते तर समोर पहिल्या रांगेत बसले असते. त्यांचे स्मरण करून थांबतो.