वळिवड्याचे पाहुणे



पोलिश बालसाहित्यातले मुलगे आणि त्यांचं पुरुषपण, या विषयावर चर्चा कोल्हापुरात कशासाठी, असं परगावच्या पाहुण्यांनी विचारलं. स्वागत समितीतल्या निम्म्या सभासदांनीही विचारलं. उत्तर कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात आहे.

१९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या छावणीत सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले. सोव्हिएत सत्तेने सायबेरिया-कझाकस्तानात हद्दपार केलेली आणि इराणमार्गे इथवर पोचलेली ही माणसं. त्यांत बहुतेक बायका नि मुलं. बाप्ये जनरल आन्देर्सच्या पोलिश फौजेत. छावणीत शाळा होत्या, चर्च होतं, बालवीरांची पथकं होती. पुष्कळ घरांत बाप नव्हता, एवढंच.

आता जरा गावाविषयी. समितीला तेवढी मुभा असावी. पोराला पुरुष कसं करायचं, हा प्रश्न कोल्हापूरने तालमीतल्या तांबड्या मातीत सोडवला. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधलेलं खासबाग मैदान पाहुण्यांनी पाहिल्याशिवाय जाऊ नये. आणि १८५० पासूनचं करवीर नगर वाचन मंदिर तर नाहीच नाही. मल्लाच्या गावाला वाचनाचं वावडं असतं, हा गैरसमज तिथे पायरीवरच गळून पडतो.

पोलंडला १९१८ पर्यंत स्वतःचं राज्यच नव्हतं, म्हणून तिथली तालीम पुस्तकांत भरली. शेन्केविचच्या १९११ च्या कादंबरीतला चौदा वर्षांचा स्ताश आफ्रिकेच्या रानात आठ वर्षांच्या नेलला सांभाळतो, बंदूक चालवतो. छावणी सुरू झाली त्याच १९४३ साली, जर्मनव्याप्त वॉर्सात कामिन्स्कीचं तरुण बालवीरांवरचं पुस्तक चोरून छापलं गेलं. या दोहोंच्या मधे लेखक कोर्चाकचा बालराजा माच्युश: तो राज्य करायला जातो नि हरतो. हरणारा मुलगा समितीला जास्त आवडला. याच कोर्चाकने जुलै १९४२ मध्ये वॉर्सा घेट्टोतल्या आपल्या अनाथालयात टागोरांचं 'डाकघर' मुलांकडून करवून घेतलं आणि पुढच्याच महिन्यात तो त्यांच्यासोबत त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत गेला. बाकीचं विद्वान सांगतील.

व्यवस्थेत उणिवा आहेत. मागच्या रांगेतला पंखा फिरतो कमी, बोलतो जास्त. कार्यक्रमपत्रिकेत पोलिश नावांची जी दशा झाली, तिच्याबद्दल हात जोडून क्षमा. तांबडा रस्सा पाहुण्यांसाठी सौम्य करायला सांगितलं होतं. आचाऱ्याने मान हलवली, पण भरवसा नाही. पांढरा घ्यावा.

गूळवाल्या अडत्यांनी न्याहारी उचलली, एका चप्पलवाल्या कारागिराने पाहुण्यांना जोड दिले, गांधीनगरच्या कापड व्यापाऱ्यांनी मांडव दिला. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांचं हे गांधीनगर वळिवड्याच्या त्याच छावणीच्या जागेवर वसलं आहे. तिकडे जाणारी बस तीन वाजता सुटेल. ऊन आहे, टोप्या घ्याव्यात.