‘सुधारणा नको’ हेही एक उत्तर आहे

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



स्पर्धा परीक्षेतील इंग्रजीविषयी चार शब्द सांगावेत, अशी आज्ञा झाली. इंग्रजीचा विषय फार मोठा, म्हणून त्यातला एकच प्रश्नप्रकार मी निवडला आहे : वाक्य सुधारण्याचा. एक वाक्य दिलेले असते, त्यातला काही भाग अधोरेखित असतो. त्या भागाऐवजी योग्य पर्याय निवडायचा असतो. पर्यायांमध्ये बहुधा ‘सुधारणेची गरज नाही’ असाही एक पर्याय असतो. आजचे माझे बोलणे मुख्यतः त्या पर्यायाविषयी आहे.

मागे सराव वर्गात मी असे दहा प्रश्न दिले. त्यांपैकी दोन वाक्ये मुळातच बरोबर होती. एका हुशार मुलीने आठ चुका अचूक पकडल्या आणि ती दोन बरोबर वाक्ये मात्र बिघडवून ठेवली. मी कारण विचारले. ती म्हणाली, “सर, मला वाक्य बरोबर वाटलं, म्हणजे त्यात नक्की काहीतरी चूक असणार.” मित्रहो, त्या रात्री मला नीट झोप आली नाही. व्याकरण तिला येत होते. फक्त स्वतःच्या समजुतीवर तिचा विश्वास नव्हता. घरी एक भाषा, शाळेत उर्दू किंवा मराठी, आणि परीक्षेत इंग्रजी, अशा घरांतली आपली मुले आहेत. ‘आपल्याला काय कळणार?’ हे वाक्य त्यांनी आपल्याच तोंडून ऐकलेले असते.

मी स्वतः पदवीनंतर अशा एका परीक्षेला बसलो होतो. कानाला गोड लागेल तो पर्याय निवडत गेलो आणि अनुत्तीर्ण झालो. पुढे लक्षात आले की ज्याच्या घरी इंग्रजी बोलत नाहीत, त्याचा कान इंग्रजीवर घडलेला नसतो. आपल्याला कानावर नव्हे, कारणावर चालले पाहिजे.

आता उदाहरणे पाहू. ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टू इयर्स.’ हे आपल्याला बरोबर वाटते, कारण आपण ‘दोन वर्षांपासून राहतो’ म्हणतो, उर्दूत ‘दो साल से’ म्हणतो. आपल्याकडे ‘पासून’ आणि ‘से’ दोन्ही कामे करतात. इंग्रजीत मात्र कालावधीला ‘फॉर’ आणि आरंभाच्या क्षणाला ‘सिन्स’. शिवाय पूर्वी सुरू होऊन अजून चालू असलेली क्रिया ‘हॅव बीन’ने दाखवतात. म्हणून ‘आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर टू इयर्स’. तसेच आपण ‘प्रश्नाविषयी चर्चा’ करतो, म्हणून ‘डिस्कस्ड अबाउट’ लिहितो. तिथे ‘अबाउट’ नको. आपण ‘पेक्षा’ म्हणतो, म्हणून ‘सीनियर दॅन मी’ लिहितो. तिथे ‘टु’ हवे.

पण मातृभाषा नेहमीच वाट चुकवते असे समजू नका. ‘द क्वालिटी ऑफ द मँगोज आर नॉट गुड’ हे वाक्य घ्या. ‘आंब्यांची प्रत चांगली नाहीत’ असे आपल्यातले लहान मूलही म्हणणार नाही, कारण क्रियापद आंब्यांकडे पाहत नाही, प्रतीकडे पाहते. इंग्रजीतही तसेच, म्हणून ‘इज’. ‘इफ इट विल रेन’ चूक, ‘इफ इट रेन्स’ बरोबर. आपणही ‘पाऊस पडला तर’ म्हणतो, तिथे भविष्यकाळ आणत नाही. त्या मुलीने बदललेले एक वाक्य होते, ‘नायदर ऑफ द टू ब्रदर्स इज अ डॉक्टर’. तिने ‘इज’चे ‘आर’ केले. ‘दोघा भावांपैकी एकही डॉक्टर नाही’, असे मनात म्हटले असते तर मूळ वाक्यच बरोबर आहे, हे तिला तिच्या भाषेनेच सांगितले असते.

म्हणून क्रम असा ठेवा. पर्याय वाचण्यापूर्वी पूर्ण वाक्य वाचा. पहिल्यांदा कर्ता व क्रियापद जुळते का पाहा, मग काळ दाखवणारा शब्द, मग ‘टु’, ‘फॉर’, ‘ऑफ’ यांसारखे छोटे शब्द. चूक सापडली तर तिचे नाव मनात घ्या आणि निवडलेला पर्याय वाक्यात बसवून अर्थ बदलत नाही ना, हे तपासा. सारे तपासूनही चूक सापडली नाही, आणि कोणत्याही पर्यायाच्या बाजूने कारण सांगता येत नसेल, तर धीराने ‘सुधारणेची गरज नाही’ निवडा.

हिशेबही ध्यानात असू द्या. कर्मचारी निवड आयोगाच्या 2024 च्या संयुक्त पदवीस्तरीय परीक्षेत पहिल्या टप्प्याला 60 मिनिटांत 100 प्रश्न होते, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी 36 सेकंद. त्यांत इंग्रजीचे 25 प्रश्न, प्रत्येकी 2 गुणांचे, आणि चुकीच्या उत्तराला अर्धा गुण वजा. चार चुका झाल्या की एका बरोबर उत्तराची कमाई गेली. दोन पर्याय खात्रीने बाद करता आले तर उरलेल्यांतून निवडा. एकही बाद होत नसेल तर पुढे चला.

शेवटी पालकांना एक विनंती. “आमच्या घरात इंग्रजीचा गंध नाही, आम्ही काय मदत करणार?” असे आपण म्हणता. मुलाला चुकांची एक वही करायला लावा. डाव्या पानावर चुकलेले वाक्य, उजव्या पानावर बरोबर वाक्य, आणि त्याखाली घरच्या भाषेत कारण. रोज रात्री जेवणानंतर दहा मिनिटे ती वही घेऊन बसा आणि एकच प्रश्न विचारा : “हे का बदललंस?” कधी असेही विचारा : “हे का नाही बदललंस?” आपल्याला समजेल असे उत्तर मुलाला देता आले, तर तो भाग त्याचा पक्का झाला. यासाठी आई-वडिलांना इंग्रजी यावे लागत नाही. मूल बोलत असताना ऐकून घ्यावे लागते, इतकेच.

त्या मुलीची वही आता जवळजवळ भरत आली आहे. परवा तिने एका वाक्याखाली लिहिले होते, “चूक शोधली. नाही. तसेच ठेवले.” मी त्याखाली लाल शाईने फक्त ‘बरोबर’ एवढेच लिहिले.