वाट सर्वांची, कोठार नव्हे



‘बस’ हा शब्द लॅटिन ‘ऑम्निबस’वरून आला. त्याचा अर्थ ‘सर्वांसाठी’. धावड्याहून भोकरदनला नेणारी एस.टी. जशी बस, तशीच नखाएवढ्या चिपमध्ये माहितीची ने-आण करणारी सामाईक वाटही बसच. वाट सर्वांची असावी, हे ठीकच. पण या वाटेच्या टोकाला स्मृतीचे, म्हणजे मेमरीचे, कोठार असते. ते सर्वांना उघडे ठेवून कसे चालेल?

आपल्या शिवारातलेच उदाहरण घ्या. विहिरीवरच्या मोटारीला हल्ली मोबाइल स्टार्टर बसवतात. घरून फोन केला की मोटार सुरू. रात्री-अपरात्री शेतात जाणे वाचते. त्या डब्यात मायक्रोकंट्रोलर असतो, म्हणजे एकाच चिपमध्ये मावलेला छोटा संगणक. कोणत्या नंबरचा हुकूम मानायचा, हे त्याच्या स्मृतीत लिहिलेले असते.

या स्मृतीपाशी कोण कोण जाते? पहिला प्रोसेसर, तो घरचा कारभारी. अनेक चिपमध्ये त्याच्या जोडीला ‘डीएमए’ नावाचा हमाल असतो. बाहेरून आलेला मजकूर तो परस्पर उचलून स्मृतीत नेऊन टाकतो. त्यामुळे कारभाऱ्याचा वेळ वाचतो. मात्र पोत्यात काय आहे, हे हमाल पाहत नाही. सांगितलेल्या पत्त्यावर टाकून मोकळा होतो. पत्ता चुकला, किंवा कोणी मुद्दाम चुकवला, तर मालकाचा नंबर पुसला जाऊन तिथे भलताच नंबर येऊन बसेल. मग पाणी कोणाच्या हुकमाने चालणार?

चिपमध्ये पहारा असतो, पण पुष्कळदा अर्धाच. ‘एमपीयू’ हा पहारेकरी सहसा प्रोसेसरचीच झडती घेतो. हमालाला मागचे दार मोकळे. २०१७ मध्ये गूगलच्या एका सुरक्षा संशोधकाने असा धोका मोबाइल फोनमध्ये दाखवून दिला. वाय-फायची चिप ताब्यात घेतली की काही फोनमध्ये तिच्या वाटेने थेट मुख्य स्मृतीत शिरता येत होते.

म्हणून अनेक नव्या मायक्रोकंट्रोलरमध्ये पहारा कोठाराच्या दारावरच बसवलेला असतो. आर्म कंपनीने २०१५ मध्ये छोट्या चिपसाठी जाहीर केलेल्या रचनेत प्रत्येक मागणीसोबत ‘विश्वासातला’ की ‘परका’ अशी खूण जाते. कोणी कुठे वाचावे, कुठे लिहावे, याची यादी यंत्र सुरू होतानाच करायची. यादीत नाव नाही, त्याला नकार. काही चिपमध्ये या यादीला कुलूपही लावता येते. यंत्र नव्याने सुरू होईपर्यंत ती कोणालाही बदलता येत नाही.

आपल्या बोलीत ‘अमानत’ असा एक शब्द आहे. विश्वासाने सोपवलेली ठेव. हमालाला एकाच खोलीची किल्ली दिली म्हणून त्याचा अपमान होत नाही, आणि ठेवही सुखरूप राहते. आपल्या गावांतली मुले आज इलेक्ट्रॉनिक्स शिकत आहेत. उद्या अशी यंत्रे ती बनवतील, तेव्हा त्यांनी पहिल्या दिवशीच ही यादी लिहावी. कारण त्या डब्यावर कुणाचा तरी हंगाम अवलंबून असेल.