बाटलीवरचं नाव

(वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थिनींसमोर केलेलं भाषण)



तुमच्यापैकी बऱ्याच जणी बी.एस्सी. झाल्यावर कुठल्यातरी प्रयोगशाळेत प्रकल्प सहायक म्हणून लागाल. मी विज्ञान शिकलेली नाही, एम.एस.डब्ल्यू. केलं. पण २०१३ च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी जी अंतर्गत समिती असते, तिच्यात बाहेरचा एक सदस्य लागतो. तशी मी ऊतिसंवर्धनाच्या एका प्रयोगशाळेत जाते. तक्रारी फारशा येत नाहीत. (याचा अर्थ त्या नाहीत, असा मी घेत नाही.) म्हणून मी तिथल्या मुलींचं काम बघत बसते.

केळीचा कोंब मर्क्युरिक क्लोराइडच्या द्रावणात मोजून काही मिनिटं बुडवायचा. कमी ठेवला तर बुरशी येते, जास्त ठेवला तर कोंबच मरतो. मग निर्जंतुक पाण्याने पुन्हापुन्हा धुवायचा. बांगड्या, अंगठ्या काढून, कोपरापर्यंत स्पिरिट चोळून लॅमिनारपुढे बसायचं. चिमटा दिव्यावर तापवायचा, निवू द्यायचा, पात्याने काप घ्यायचा, बाटलीत लावायचा, तोंड बंद करायचं. पुढची बाटली. तासन्‌तास मान खाली. बाटलीतलं माध्यम आदल्या दिवशी हिनेच मिलिग्रॅममध्ये वजनं करून बनवलेलं आणि १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह केलेलं असतं. एक चूक झाली तर चार दिवसांनी सगळा ट्रे पांढरा.

“बायकांचे हात हलके असतात, त्यांना हे उपजत जमतं,” असं तिथल्या प्रमुखांनी मला कौतुकाने सांगितलं. चहाच्या मळ्यातल्या बायकांबद्दलही लोक हेच म्हणतात. कौशल्याला उपजत म्हटलं की त्याचा पगार द्यावा लागत नाही. ही मुलगी सहा महिने बाटल्या वाया घालवून शिकली आहे, हे कुणी सांगत नाही.

प्रत्येक बाटलीवर तारीख आणि लावणारीची आद्याक्षरं असतात. बुरशी आली की कुणाच्या हातून आली, ते लगेच कळतं. निबंध छापून येतो तेव्हा मात्र तिचं नाव शेवटी आभारात, तेही असलं तर. बाईचं नाव लागतच नाही असं नाही. कित्येक दशकांनी फुलणारा बांबू पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत बाटलीत फुलवला, त्याचा निबंध १९९० साली ‘नेचर’मध्ये आला आणि त्यावर पहिलं नाव रजनी नाडगौडा यांचं आहे. पण त्या शास्त्रज्ञ. मी बोलते आहे ती सगळ्यात खालच्या पायरीवरच्या मुलीबद्दल.

आता जे सांगते, ते तिच्या परवानगीने. एकीला दुसरा महिना लागला होता. ऑर्डर वर्षाची, मार्चमध्ये संपणारी. मर्क्युरिक क्लोराइड म्हणजे पारा, गरोदर बाईने त्यापासून लांब राहावं, हे तिला आपल्या सगळ्यांपेक्षा चांगलं ठाऊक. तरी ती रोज ते तोलत होती. “मॅडम, काम बदलून मागितलं तर कारण सांगावं लागेल. कारण कळलं तर मार्चमध्ये ऑर्डर येणार नाही.” हे तिने मला जिन्यात सांगितलं, समितीच्या खोलीत नाही.

मी तिला सांगायला लावलं. प्रमुख चिडले नाहीत, “आधी का नाही बोललीस?” म्हणाले, काम बदललं. मार्चमध्ये ऑर्डर आली नाही. प्रकल्पाचा निधी संपला, असं तोंडी कळवलं. तिच्या शेजारच्या टेबलावरच्या मुलाला मात्र आली. मी चुकीचा सल्ला दिला का, हा प्रश्न अनेक रात्री माझ्या डोक्यात होता. पोटातल्या बाळापुरता बरोबर होता, एवढंच म्हणेन.

२६ आठवड्यांची पगारी रजा २०१७ साली कायद्यात आली, २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. प्रसूतीआधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केलेलं हवं. आणि कराराची मुदत संपली तरी हा लाभ द्यावाच लागतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली, कंत्राटावरच्या एका डॉक्टर बाईंच्या खटल्यात सांगितलं. हे तिलाही माहीत नव्हतं, त्या प्रमुखांनाही नव्हतं. मलाही नंतरच कळलं.

तेव्हा रुजू होताना ऑर्डरची प्रत घरी ठेवा. हजेरीची नोंद स्वतःच्या वहीत करा. निबंधात नाव येणार का, हे काम सुरू होतानाच विचारा, लाजू नका. तिच्याकडे हजेरी नव्हती. पण बाटल्यांच्या नोंदवहीत तिची आद्याक्षरं रोजच्या तारखेसकट आहेत. त्यावरूनच आम्ही दिवस मोजले, दोनशेच्या वर भरले. गेल्या सोमवारी अर्ज दिला, पोच घेतली आहे.