सागाचे बी



सागाचे लाकूड आपल्या परिचयाचे आहे. त्याच्या बियांकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते. मेळघाटात अगर आलापल्लीच्या रानात साग फुलतो तो पावसाळ्यात. एकेका मोठ्या तुऱ्यावर हजारांवर कळ्या येतात. परंतु बहुधा शेकडा पाचांनाही फळ धरत नाही. असे का व्हावे?

सागाचे फूल एका दिवसाचे. शिवाय आपल्याच झाडाचा पराग त्याला सहसा मानवत नाही. त्या एका दिवसात माशीने दुसऱ्या सागाचा पराग आणून दिला, तरच बी धरण्याची आशा. मग फुलाचा हिरवा पेला फुगून फळाभोवती कागदी पिशवीसारखा होतो. सुमारे ५० दिवसांत फळ पूर्ण आकाराला येते. पिकते मात्र हिवाळ्यात. आतले कवच दगडासारखे कठीण. घर चार खोल्यांचे, पण नांदत्या बहुधा एक किंवा दोनच. कित्येकदा सगळ्याच ओसाड.

फळ गळून पडल्यावरही बियांना घाई नसते. आळीपाळीने ऊन-पाऊस खाल्ल्यावर कवच सैल होते. काही बिया दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात उगवतात. म्हणूनच रोपवाटिकेत फळे भिजवतात आणि वाळवतात.

तेव्हा तोड करताना बियाण्यासाठी एक साग राखला म्हणजे काम झाले, असे नव्हे. एकट्या सागाला फुले येतील, थोडी फळेही दिसतील. खोल्या मात्र बहुतेक रिकाम्या राहतील. राखायचा तर त्याचा शेजारही राखला पाहिजे, आणि मधमाश्याही.