भारत भवन : टेकडीच्या उतारावरील एक घर



एखाद्या संस्थेचा इतिहास सांगताना प्रथम इमारत आठवते, मग संस्थापक आणि देणगीदार आठवतात. त्या इमारतीच्या दारातून आत कोण आले आणि कोण बाहेरच राहिले, याची नोंद मात्र अहवालांत क्वचितच सापडते. भोपाळच्या भारत भवनाचा इतिहास या दारापासून वाचावा असा आहे.

1956 मध्ये राज्यपुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि नव्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरऐवजी भोपाळला ठरली. नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर येथील कचेऱ्यांबरोबर कारकुनांची, अधिकाऱ्यांची बिऱ्हाडेही हलली. त्यांत मराठी कुटुंबे होतीच. जुने शहर नवाबी वळणाचे, उर्दूच्या अदबीचे. नवे शहर सरकारी वसाहतींचे. शेजारी राहूनही ही दोन शहरे एकमेकांना परकीच होती.

अशा शहरात, श्यामला टेकडीवर, मोठ्या तलावाच्या काठी 13 फेब्रुवारी 1982 रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते भारत भवनाचे उद्घाटन झाले. मुख्यमंत्री होते अर्जुनसिंह. संकल्पनेमागे सांस्कृतिक खात्याचे अधिकारी आणि हिंदी कवी अशोक वाजपेयी यांचा ध्यास होता. सरकारने काढलेल्या कलासंस्थेविषयी रसिकांच्या मनात शंका असते, आणि ती नेहमीच चुकीची नसते. परंतु वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया यांनी सरकारी भव्यता टाळली. या वास्तूला मिरवण्याजोगा दर्शनी भाग जवळजवळ नाही. माणूस वरून आत शिरतो आणि गच्च्या, चौक, पायऱ्या ओलांडत तलावाकडे उतरत जातो. गावातील घाटावर उतरावे तसे हे उतरणे आहे. चित्रशिल्पांसाठी 'रूपंकर', नाटकासाठी 'रंगमंडल', संगीतासाठी 'अनहद', कवितेसाठी 'वागर्थ' हे विभाग या चौकांभोवती वसले. ब. व. कारंत यांच्या रंगमंडलाने मालवी, बुंदेली, छत्तीसगढी या बोलींनाही रंगभूमीवर स्थान दिले.

ग्रंथालयाच्या या व्यासपीठावरून 'वागर्थ'चा उल्लेख अधिक आपुलकीने करावा लागेल. भारतीय भाषांतील कवितेचा संग्रह आणि अनुवाद यांसाठी असलेल्या या केंद्राचे संचालकपद 1983 ते 1985 या काळात दिलीप चित्रे यांच्याकडे होते. तुकोबांना इंग्रजीत नेणारा हा मराठी कवी भोपाळात कवितेचे ग्रंथालय सांभाळत असतानाच 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या मधली ती रात्र आली. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुटलेल्या विषारी वायूने हजारो माणसे मारली. सर्वाधिक झळ बसली ती जुन्या शहराच्या उत्तरेकडील गरीब वस्त्यांना. त्यानंतरही भवनात कलेचे सोहळे होत राहिले, म्हणून हिंदी साहित्यविश्वात कडवट टीका झाली. ती टीका सर्वस्वी अन्याय्य म्हणता येणार नाही. कलेने थांबावे असे कोणी म्हणणार नाही. पण भवनाच्या गच्चीवरून तलावापलीकडचे जुने शहर दिसते, आणि तेथील माणूस ही टेकडी कधी चढून येतो काय, हा प्रश्न त्या रात्रीनंतर अधिक बोचरा झाला.

या प्रश्नाचे अंशतः का होईना, उत्तर 'रूपंकर'ने आधीच देऊ केले होते. त्याचे संचालक, चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी आदिवासी कलेला जुनाट वस्तू मानले नाही. नागर चित्रकारांच्या बरोबरीने तिला समकालीन कला म्हणून मांडले. त्यांनी तरुण कलावंतांना गावोगाव पाठविले. त्या शोधात पाटणगढ गावी जनगढसिंह श्याम हा गोंड तरुण सापडला. भिंतीवर चित्रे काढणारा तो हात भोपाळात कागद-कॅनव्हासवर आणि मुद्राचित्रणात रमला. 1989 मध्ये त्याची चित्रे पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात लागली. त्याच्यामागून त्याचे आप्त, गाववाले चित्रकार झाले आणि त्या शैलीला 'जनगढ कलम' हे नाव पडले. 2001 मध्ये जपानमधील एका संग्रहालयात कामासाठी गेला असता, परमुलखात, त्याचा अंत झाला. गावातून उचलून जगाच्या बाजारात नेलेल्या कलावंताला सांभाळायचे कोणी, हे त्या मृत्यूने विचारले.

दुसरी कथा भवनाच्या पायाशीच घडली. झाबुआ जिल्ह्यातील पिटोल गावची भूरीबाई ही भिल्ल स्त्री भवनाच्या बांधकामावर मजुरीला होती. गावाकडे भिंतीवर काढतात तशी चित्रे कागदावर काढशील का, असे स्वामीनाथन यांनी तिला विचारले. बसून चित्र काढण्याचे पैसे मिळतात, आणि तेही मजुरीहून अधिक, याचे तिला नवल वाटले. स्वामीनाथन 1990 मध्ये भवनातून निवृत्त झाले आणि 1994 मध्ये निधन पावले. भूरीबाई भोपाळातच राहिली, आदिवासी लोककला परिषदेत कलावंत म्हणून रुजू झाली. 2021 मध्ये तिला पद्मश्री जाहीर झाली. ज्या भवनासाठी तिने डोक्यावरून ओझी वाहिली, त्याच्या संग्रहात आज तिची चित्रे आहेत.