मेंदूचा उंबरठा आणि औषधाची गोळी

उल्हासनगरच्या कॅम्प २ मध्ये रस्त्याच्या कडेला विजेचा ट्रान्सफॉर्मर घूं घूं करीत उभा असतो. त्याच्या पोटात तारेची वेटोळी असतात. एकातील प्रवाह बदलला, की दुसऱ्यात, तारेला तार जोडलेली नसताही, प्रवाह उत्पन्न होतो. हे तत्त्व फॅरेडेने १८३१ साली शोधून काढिले. १९८५ साली शेफील्ड येथे अँथनी बार्कर व त्यांचे सहकारी यांनी दुसऱ्या वेटोळ्याच्या जागी माणसाचा मेंदू योजिला!

डोक्यावर वेटोळे धरून त्यातून क्षणमात्र जोराचा प्रवाह सोडावयाचा. चुंबकीय क्षेत्र कवटीस न जुमानता आत जाते, मेंदूच्या पृष्ठभागाजवळ सूक्ष्म प्रवाह उत्पन्न करिते आणि हाताच्या केंद्रावर नेम बसल्यास बोट आपोआप उडते. दहांपैकी निदान पाच वेळा स्नायूस ठराविक प्रमाणात चेतविणारा सर्वांत सौम्य झटका, हा त्या मेंदूचा उंबरठा.

जर्मनीत ग्योटिंगेन येथे झीमान व त्यांचे सहकारी यांनी १९९६ साली निरोगी माणसांस फेपऱ्यावरील औषधे देऊन हे मापन केले. कार्बामाझेपीनने उंबरठा उंचावला. हे औषध मज्जापेशींतील सोडियमची द्वारे अडविते. लोरॅझेपामने मात्र उंबरठा हलला नाही. मग ते औषध निष्फळ म्हणावे काय? मुळीच नाही. आधी दुबळा व दोनतीन सहस्रांश सेकंदांनी बळकट, असे जोडझटके दिले, की पहिला दुसऱ्याचा परिणाम दडपतो. लोरॅझेपामनंतर हे दडपणे वाढलेले आढळले. कारण ते मेंदूतील ‘गाबा’ ह्या शामक द्रव्याचे कार्य बळावते. शांत करणारी औषधे सारी एकाच वाटेने जातात, ही समजूत ह्या प्रयोगांनी मोडली.

घरोघरी ह्याचा संबंध येतो तो असा. मुलाला कित्येक महिने फेपरे आले नाही, की वडील माणसांस वाटते, आता गोळी कशाला? पण मेंदू शांत असतो तो पुष्कळदा त्या गोळीमुळेच. ती एकाएकी बंद केली, तर झटके उसळून येतात. कधी लागोपाठ, जिवावर बेतण्याइतके. गोळी कमी करणे शक्य असते खरे, परंतु ते वैद्यकाच्या देखरेखीखाली व हळूहळू.

हे यंत्र लावून मुलाची मात्रा ठरवून घ्यावी, असे कोणाच्या मनात येईल. तसे होत नाही. माणसामाणसांचे उंबरठे फार भिन्न असतात आणि जागरणानेही मेंदूची चेतनशीलता बदलते. शिवाय यंत्राच्या झटक्यानेच क्वचित फेपरे येऊ शकते. म्हणून वेटोळे जवळ आणण्यापूर्वी, पूर्वी फेपरे आले होते काय, कोणती औषधे चालू आहेत व डोक्यात धातूचा तुकडा आहे काय, हे विचारून घेतात.